युंकर्स ३९० चं दुसरं विमान: कुठे गेलं ते नंतर, आधी ते उडालं का ते बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या युंकर्स कंपनीने बनवलेल्या युंकर्स ३९० या सहा इंजिनांच्या विमानाची दोन प्रोटोटाइप झाली असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पहिल्याचं काय झालं ते कळतं पण दुसऱ्याचं, म्हणजे व्ही २ चं, काय झालं ते जिथे बघावं तिथे वेगळंच. कोणी म्हणतं ते न्यूयॉर्कच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलं, कोणी म्हणतं युद्ध संपताना अर्जेंटिनाला पळालं, कोणी म्हणतं बनलंच नाही. तुम्ही त्याचं १/७२ चं मॉडेल करताय आणि बाजूवर ओळखीची कुठली अक्षरं रंगवायची तिथे अडलाय.

मी वाहतुकीच्या विमानांवर २६ वर्षं काम केलं, त्यातली पहिली पंधरा एअरफ्रेम (म्हणजे इंजिनं सोडून विमानाचा सांगाडा) फिटर म्हणून आणि पुढची टेक्निकल रेकॉर्डला, म्हणजे विमानाची जन्मपत्रिका सांभाळायची, कुठलं इंजिन कधी बसलं, किती तास झाले, कुठला पार्ट कुठून आला. रिटायर झाल्यावर जुन्या विमानांच्या नोंदी जुळवायला लागलो आणि हे विमान त्यात बरीच वर्षं डोक्यात आहे. म्हणून मोठं उत्तर लिहितोय, वेळ काढून वाचा.

आधी एक साफ करून घेऊ. इथे व्ही म्हणजे जर्मनीत प्रयोगाच्या नमुन्याला लावायचं अक्षर, व्ही २ रॉकेटशी त्याचा काही संबंध नाही, नवीन लोकांचा तिथे नेहमी गोंधळ होतो. आणि तुमचा प्रश्न दिसतो एक पण आत दोन आहेत. 'कुठे गेलं' विचारण्याआधी 'पूर्ण झालं का, उडालं का' हे विचारावं लागतं, बहुतेक लेखांत ही पायरी गाळलेली असते आणि मग पुढचं सगळं हवेत राहतं. रेकॉर्डला असताना आमचा नियम होता, विमान हरवलं असं लिहायच्या आधी ते ताब्यात आल्याची नोंद दाखवा.

विमान काय होतं ते थोडं सांगतो कारण पुढचा सगळा विचार त्याच्या बांधणीवर आहे. युंकर्सचं ८९ नावाचं बॉम्बर होतं, त्यातून ९० हे प्रवासी विमान निघालं, त्यातून २९० हे चार इंजिनांचं वाहतुकीचं विमान, आणि ३९० म्हणजे त्याच २९० च्या पंखात आतल्या बाजूला जादा तुकडा घालून प्रत्येक बाजूला एक इंजिन वाढवलं आणि बॉडी लांब केली. बीएमडब्ल्यू ८०१ ची सहा इंजिनं, प्रत्येकी साधारण १७०० हॉर्सपॉवर, पंखांचा पसारा ५० मीटरच्या किंचित वर. आपल्या हवाई दलाचं आयएल-७६ म्हणजे गजराज ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना अंदाज येईल, त्याचा पसारा जवळपास तेवढाच आहे, आणि हे १९४३ मधे. या घराण्याची एक गोष्ट मला फिटर म्हणून फार आवडते. २९० ला शेपटीखाली हायड्रॉलिकने उघडणारा रॅम्प होता, विमान शेपटीच्या चाकावर बसलेलं असायचं म्हणजे मागचा भाग जमिनीला टेकलेला, तो रॅम्प खाली यायला लागला की जमिनीवर दाब देऊन अख्खी शेपटी वर उचलायचा, विमान आडव्या पातळीत यायचं आणि गाडी सरळ आत चालवत न्यायची. आज मागून रॅम्प उघडणारं विमान आपल्याला नेहमीचं वाटतं, तेव्हा हे फार पुढचं होतं.

आता व्ही १. त्याची अक्षरं जीएच+यूके. ते नवं कोरं बनवलेलं नव्हतं, युंकर्स ९० च्या सहाव्या नमुन्याची एअरफ्रेम घेऊन त्यावर बांधलं होतं. ऑक्टोबर १९४३ मधे पहिलं उड्डाण, २६ नोव्हेंबर १९४३ ला पूर्व प्रशियात इन्स्टरबुर्गला हिटलरसमोर नवी विमानं मांडली त्यात हेही होतं, आणि तिथून ते प्रागला गेलं. हे आपल्याला कळतं ते टेस्ट पायलट हान्स योआखिम पांखेर्त्स याच्या लॉगबुकवरून. प्रागला मार्च १९४४ पर्यंत चाचण्या चालल्या, त्यात हवेतल्या हवेत इंधन देण्याच्या चाचण्याही होत्या. नोव्हेंबर १९४४ मधे ते देसाउला, युंकर्सच्या कारखान्याच्या गावी, परत आणलं, सुटे भाग काढून घेतले आणि एप्रिल १९४५ च्या शेवटी अमेरिकन फौजा जवळ आल्यावर नष्ट केलं. म्हणजे पहिल्याचा हिशोब पूर्ण लागतो. या तारखा लक्षात ठेवा, खाली दोनदा लागणार आहेत.

न्यूयॉर्कची गोष्ट आता. ती अशी की १९४४ च्या सुरुवातीला एक ३९० फ्रान्समधल्या मों-द-मार्सां या तळावरून निघालं, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून २० किलोमीटरवर पोचलं आणि परत आलं. ही पहिल्यांदा छापून आली १९५५ मधे एका ब्रिटिश विमान मासिकातल्या वाचकपत्रांतून, पुढे मोठ्या पुस्तकांत गेली आणि तिथून सगळीकडे. मागे मागे गेलं की मूळ सापडतं ऑगस्ट १९४४ च्या ब्रिटिश गुप्तचर अहवालात, कैद्यांच्या चौकशीत कोणीतरी सांगितलेलं, लाँग आयलंडचे फोटो काढले वगैरे. म्हणजे मुळात ऐकीव माहिती. ऐकीव आहे म्हणून मी ती फेकून देत नाही, पण मग तिला वजनकाट्यावर घालायला हवं.

मों-द-मार्सां ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण ५,८०० ते ५,९०० किलोमीटर. जाऊन येऊन पावणेबारा हजार झाले, वारा आणि वळसा धरला तर बारा हजार म्हणा. ताशी ३५० ने गेलं तर ३४ तास. आता इंजिनं सहा आणि जुनी पेट्रोलची, हात आखडून चालवली आणि प्रत्येकाला तासाला फक्त १५० किलो इंधन धरलं (हा माझा ठोकळ आकडा आहे आणि मुद्दाम कमी धरलाय) तरी एकूण ३० टनांच्या वर जातं. जर्मन अभ्यासकांनी नीट हिशोब मांडलाय त्यात अशा उड्डाणाला टेकऑफचं वजन ७२ टन लागलं असतं असं येतं. आणि व्ही १ च्या चाचण्यांत जास्तीत जास्त किती वजनाने टेकऑफ केलं होतं? ३८ टन. त्यातला बहुतेक वाटा रिकामं विमानच खातं.

इथे मला माझ्या फिटरच्या दिवसांतलं सांगावंसं वाटतं. पंखाच्या मुळाशी, जिथे स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आडवा कणा, बॉडीला जोडतो तिथे, हार्ड लँडिंगनंतर आम्ही तासन् तास टॉर्च घेऊन रिव्हेटच्या रांगा बघायचो, एखाद्या रिव्हेटच्या डोक्याभोवती काळसर कड दिसली की समजायचं तो हलतोय, धातू धातूवर घासून ती काळी भुकटी बाहेर येते. आणि हे कधी व्हायचं तर ठरलेल्या वजनापेक्षा दोन-अडीच टन जास्त होऊन जोरात बसलं तर. इथे गोष्ट आहे दुप्पट वजनाची, तीही अशा विमानाची ज्याचा पंख मधे तुकडा घालून लांब केलाय आणि ज्याची एअरफ्रेम मुळात प्रवासी विमानाची आहे. पंख मजबूत केल्याशिवाय हे होणार नाही आणि तसं केल्याची कुठे नोंद नाही. शिवाय वर सांगितलं तसं त्या महिन्यांत व्ही १ प्रागला होतं. व्ही २ म्हणाल तर ते तेव्हा पूर्ण झाल्याचा पुरावाच नाही. मों-द-मार्सांला खरोखर कोण होतं तर लांब पल्ल्याची टेहळणी करणारी तुकडी, ५ नंबरची, आणि त्यांच्याकडे होती २९०, अटलांटिकवर पाणबुड्यांसाठी काफिले शोधायची. लांबून बघणाऱ्याने किंवा बराकीत ऐकणाऱ्याने २९० चं ३९० करणं मला फार शक्य वाटतं. न्यूयॉर्कच्या उड्डाणावर माझा विश्वास नाही, या एका मुद्द्यावर मी अजिबात मागेपुढे बोलत नाही.

खरा पेच पुढे आहे आणि तो न्यूयॉर्कपेक्षा कितीतरी चांगला आहे.

दोन साक्षीदार समोरासमोर उभे आहेत. एक प्रोफेसर हाइनरिख हेर्टेल, युंकर्सचा मुख्य डिझायनर आणि तांत्रिक प्रमुख. २६ सप्टेंबर १९४५ ला ब्रिटिशांसमोर त्याने सांगितलं की व्ही २ कधी पूर्ण झालंच नाही. दुसरा पायलट योआखिम आयझरमान, त्याच्या लॉगबुकात ९ फेब्रुवारी १९४५ ला रेखलिनच्या चाचणी केंद्रावर ३९० व्ही २, अक्षरं आरसी+डीए, उडवल्याची नोंद आहे. तळाभोवती ५० मिनिटांचं एक उड्डाण आणि मग २० मिनिटांचं दुसरं, रेखलिनहून लेर्त्सला.

कागद हेर्टेलच्या बाजूने आहेत. व्ही २ ते व्ही ७ या सगळ्या नमुन्यांचं काँट्रॅक्ट जून १९४४ मधे रद्द झालं आणि सप्टेंबरमधे कामच थांबलं. कारण सरळ आहे, मे १९४४ पासून अमेरिकन बॉम्बर जर्मनीचे कृत्रिम पेट्रोलचे कारखाने फोडत होते, त्यातला लॉयनाचा मोठा कारखाना तर मेर्सेबुर्गला, युंकर्सच्या अंगणातच, आणि जे काही अॅल्युमिनियम, इंजिनं, माणसं होती ती सगळी फायटरकडे वळवली होती. अशा वेळी सहा इंजिनांचं रद्द झालेलं विमान कोण पूर्ण करेल? आणि हेर्टेलला खोटं बोलून काय मिळणार होतं, हेही विचारा. हरलेल्या बाजूचा माणूस, समोर शत्रूचे अधिकारी, अशा वेळी काम झालं होतं म्हणणं जास्त सोयीचं असतं.

पण आयझरमानची नोंद परत वाचा. तळाभोवती ५० मिनिटं आणि शेजारच्या धावपट्टीपर्यंत २० मिनिटं. रेखलिन ते लेर्त्स अंतर जेमतेम काही किलोमीटर. बढाई मारणारा माणूस हे लिहीत नाही. ही नोंद रोजच्या कामाची, कंटाळवाणी आहे आणि रेकॉर्डवाल्याला कंटाळवाणी नोंद सगळ्यात प्रिय असते. मोठ्या विमानाला वीस मिनिटं बरोबर बसतात, उठायचं, एक चक्कर मारायची, उतरायचं. आणि ते चुकून व्ही १ असेल म्हणावं तर व्ही १ तेव्हा देसाउला भाग काढलेल्या अवस्थेत उभं होतं. २ च्या जागी ३ पडला, म्हणजे उडवलं २९० आणि लिहिलं ३९०, हे मी बरेच दिवस मानत होतो, पण मग ती अक्षरं आडवी येतात, आकडा एकवेळ चुकेल, आकडा आणि चार अक्षरं एकदम चुकायला जास्त काही घडावं लागतं.

तरी लॉगबुक म्हणजे देववाक्य नाही हेही सांगतो, आणि हे अनुभवाचं आहे. मी जिथे नोकरीला होतो तिथे एकदा एका विमानाचे तास जुळेनात, इंजिनाच्या कार्डावर वेगळे आणि एअरफ्रेमच्या रजिस्टरला वेगळे, साडेचार तासांचा फरक. आम्ही दोघं जण तीन दिवस कागद उपसत बसलो. शेवटी निघालं काय तर एका क्रूने आठवडाभराच्या नोंदी रविवारी एकत्र बसून भरल्या होत्या आणि मधल्या दोन दिवसांना शेजारी उभ्या असलेल्या विमानाचा नंबर टाकला होता. कोणी खोटं लिहिलं नव्हतं, सगळे प्रामाणिक होते, फक्त आठवणीतून लिहिलं होतं. तेव्हापासून मी एका कागदावर कधी निकाल देत नाही. दुसरा कागद हवा, जो दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या कारणासाठी लिहिलाय: इंधन दिल्याची पावती, इंजिनाचं कार्ड, टॉवरचं रजिस्टर. पांखेर्त्सच्या लॉगबुकावर मी भरवसा ठेवतो तो याचमुळे, त्याला इन्स्टरबुर्गच्या प्रदर्शनाचा आणि प्रागच्या चाचण्यांचा बाहेरून आधार आहे. आयझरमानच्या नोंदीला असा दुसरा कागद नाही, एवढाच फरक.

असे कागद का नाहीत त्याचंही कारण आहे, त्यात कुठलं गूढ नाही. जर्मन हवाई दलाने शेवटच्या आठवड्यांत स्वतःचेच कागद ढिगाने जाळले. देसाउ आणि बर्नबुर्ग, जिथे व्ही २ बांधत होते असं मानतात, हा भाग आधी अमेरिकनांकडे आला आणि जुलै १९४५ च्या सुरुवातीला रशियनांकडे गेला, दोघांनीही हवं ते उचललं, आणि ऑक्टोबर १९४६ मधे तर रशियनांनी युंकर्सचे इंजिनिअर कुटुंबासकट रेल्वेने रशियाला हलवले. अशा जागेचं रजिस्टर अखंड सापडेल अशी अपेक्षाच धरू नका.

अजून एक गोष्ट, जी कारखान्यात वावरलेल्या माणसाला पटकन कळते. 'पूर्ण' हा शब्द कोण वापरतो त्यावर त्याचा अर्थ ठरतो. डिझायनरला पूर्ण म्हणजे ठरलेलं सगळं बसलेलं, रडार, तोफा, टाक्या, तपासणी होऊन सही झालेली. पायलटला पूर्ण म्हणजे चाकं आहेत, इंजिनं फिरतात, कंट्रोल हलतात, उडतं. या दोन्हींच्या मधे कित्येक महिने असतात. शिवाय ३९० हे २९० चेच भाग घेऊन बनत होतं, त्यामुळे अर्धवट व्ही २ चे पंख, इंजिनं उचलून २९० ला लावणं किंवा उलट करणं हे हँगरमधे सहज होणारं काम आहे. त्यामुळे हेर्टेल आणि आयझरमान दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता मी सोडत नाही.

अर्जेंटिनाचं काय, तर त्यासाठी त्याच्या भावंडांकडे बघा. लुफ्तहान्साचं एक २९० एप्रिल १९४५ मधे बार्सिलोनाला उतरलं, स्पेनने ते ठेवून घेतलं आणि पुढे त्यांच्या हवाई दलाने ते बरीच वर्षं वापरलं. दुसरं एक अमेरिकनांच्या हाती लागलं, त्यांच्या कर्नल वॉटसनने ते १९४५ च्या उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून ओहायोला नेलं, त्याच्या बाजूवर 'आलेस कापुट' म्हणजे 'सगळं संपलं' असं रंगवलेलं होतं. तिसरं चेकोस्लोव्हाकियात राहिलेल्या भागांतून जोडून १९४६ मधे उडवलं, लेटोव्ह ओरेल नावाने. म्हणजे जी खरोखर वाचली ती लगेच सापडली, त्यांचे फोटो आहेत. ५० मीटरचा पंख लपवता येत नाही. त्याला लांब धावपट्टी लागते, टनावारी पेट्रोल लागतं, शिड्या, जॅक, ट्रॅक्टर लागतात, उतरवायला पंधरा-वीस माणसं लागतात आणि ती माणसं म्हातारपणी बोलतात. युद्धानंतर एवढ्या वर्षांत दक्षिण अमेरिकेत या विमानाचा एक टायर निघालेला नाही.

मग ते संपलं कुठे? हे ते फेब्रुवारीत उडालं का यावर आहे. नसेल उडालं तर बर्नबुर्गला अर्धवट सांगाडा म्हणून राहिलं आणि भंगारात गेलं, त्या काळात अॅल्युमिनियम कोणी पडून देत नव्हतं. उडालं असेल तर शेवटची जागा लेर्त्स, आणि रेखलिन-लेर्त्सवर १० एप्रिल १९४५ ला अमेरिकन बॉम्बरचा मोठा हल्ला झाला, जेट फायटरचे तळ मोडायला, आणि मग मेच्या सुरुवातीला रशियन आले. उघड्यावर उभं असलेलं एवढं मोठं विमान त्यातून वाचणं अवघड, आणि वाचलं असतं तर रशियनांनी ते नक्की उडवून, फोटो काढून ठेवलं असतं, जसं त्यांनी हाती आलेल्या बाकीच्या जर्मन विमानांचं केलं. मला स्वतःला आज लेर्त्सची बाजू थोडी जड वाटते, ती त्या वीस मिनिटांमुळे. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मी बर्नबुर्ग सांगितलं असतं. उद्या कोणी लेर्त्सच्या इंधनाच्या वहीचं एक पान आणून दाखवलं तर मी त्याच दिवशी इथे येऊन लिहीन.

आता तुमचं मॉडेल. जे फोटो फिरतात ते सगळे पहिल्या विमानाचे आहेत, खाली कोणी काहीही लिहिलेलं असो. व्ही २ ची रडार आणि तोफांसकट जी चित्रं किटच्या खोक्यावर असतात ती आराखड्यावरून आणि अंदाजाने काढलेली आहेत. तेव्हा फोटोशी जुळणारं हवं असेल तर जीएच+यूके रंगवा, तोफा बसवू नका, आणि प्रागच्या हिवाळ्यातलं दाखवा. आरसी+डीए रंगवायचं असेल तरी हरकत नाही, मीही कदाचित तेच करीन, फक्त स्टँडवरच्या पट्टीवर न्यूयॉर्क लिहू नका, 'लेर्त्स, ९ फेब्रुवारी १९४५' लिहा. आणि चाकं बसवताना एक बघा, पंखाचा जो तुकडा वाढवला त्याच्याबरोबर चाकांच्या जोड्याही वाढल्या होत्या, बरेच जण २९० चीच चाकं तशीच ठेवतात.